पाण्याची वहिवाट

दर वर्षी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ईशान्य मोसमी पाऊस तमिळनाडूच्या किनाऱ्यावर उतरतो आणि त्याच्या मागोमाग चेन्नईच्या बातम्या राष्ट्रीय वृत्तपत्रांत येऊ लागतात. नवी पर्जन्यजलवाहिनी किती किलोमीटर झाली, किती तलावांतला गाळ निघाला, किती पंप सज्ज आहेत. महाराष्ट्रात तेव्हा दिवाळीची गडबड असते आणि पाऊस आपल्या लेखी संपलेला असतो. त्यामुळे या बातम्या आपण वरवर वाचून पुढे जातो. मी मात्र गेली दहा-अकरा वर्षे त्या शहरात राहते आणि पाण्याच्या पातळीविषयी मीच काढलेल्या एका आकड्याने मला एकदा पुरते तोंडघशी पाडले आहे. त्याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना त्यातून काही हाती लागेल असे वाटते, म्हणून आज लिहिते.

पीएच.डी.साठी मी चेन्नईला गेले तेव्हा द्रवांच्या पातळ थरांचे प्रवाह हा माझा विषय होता. वेळच्चेरी भागात एका घराच्या तळमजल्यावरची मागची खोली भाड्याने मिळाली. घरमालकीण सत्तरीच्या होत्या. सारी गल्ली त्यांना पाटी म्हणे. तमिळमध्ये पाटी म्हणजे आजी. माझे तोडके तमिळ आणि त्यांचे तोडके हिंदी यांच्या आधारे आमचे संभाषण चाले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी हात लांब करून दाखवले होते, की आपण लग्न होऊन आलो तेव्हा पावसाळ्यात तळ्याचे पाणी त्या पलीकडच्या वळणापर्यंत येई आणि बेडकांच्या आवाजाने झोप लागत नसे. मी ते एक जुनी आठवण म्हणून ऐकले. ती त्या जमिनीच्या उंचसखलपणाची नोंद होती, हे मला तेव्हा कळले नाही.

१ डिसेंबर २०१५ च्या रात्री ते कळले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरातच शहरात १,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झालेला होता. जमीन, तळी, नाले सारे तुडुंब. त्यावर त्या एका दिवसात नुंगम्बाक्कमच्या वेधशाळेत सुमारे २९० मिलिमीटर आणि तांबरमला सुमारे ४९० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. चेंबरम्बाक्कम जलाशयातून अड्यार नदीत २९,००० क्युसेकपर्यंत विसर्ग करावा लागला. म्हणजे दर सेकंदाला सुमारे ८ लाख लिटर पाणी. माझ्या खोलीत पाणी दारातून आले नाही. ते न्हाणीघराच्या मोरीतून वर आले, शांतपणे, बुडबुडे काढीत. ज्या नळीतून पाणी बाहेर जायचे तीच नळी उलटी वाहू लागली होती. दोन टोकांच्या पातळ्यांतील फरक प्रवाहाची दिशा ठरवतो, हे मी पदवीच्या वर्गांना शिकवत असे. तरीही त्या रात्री मी मोरीकडे बघत खुळ्यासारखी उभी राहिले. आपल्या गल्लीतले पाणी कोणत्या दिशेने कुठे जाते, हे मला ठाऊकच नव्हते.

पुढचे तीन दिवस आम्ही वरच्या मजल्यावर काढले. वीज नव्हती, फोन लागत नव्हते. पाटींच्या सुनेने गॅसवर भात शिजवला आणि शेजारच्या दोन कुटुंबांसह आम्ही तो वाटून खाल्ला. करण्यासारखे काही नव्हते, म्हणून एका वहीच्या पाठकोऱ्या पानावर मी हिशेब मांडला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. २०११ च्या विस्तारानंतर महानगरपालिकेचे क्षेत्र ४२६ चौरस किलोमीटर झाले आहे. त्यावर सर्वत्र २९० मिलिमीटर पाऊस पडला असे धरले, तर ते पाणी होते सुमारे साडेबारा कोटी घनमीटर. चेंबरम्बाक्कमची पूर्ण साठवणक्षमता ३.६४५ टीएमसी, म्हणजे साधारण सव्वादहा कोटी घनमीटर. एक भरलेला जलाशय, आणि वर थोडे अधिक, एका दिवसात शहराच्या माथ्यावर ओतला गेला होता. हिशेब ढोबळ होता, पण या प्रश्नाचा आकार मला त्यातून पहिल्यांदा दिसला.

आता त्या भूमीविषयी. चेन्नई जवळजवळ सपाट आहे. कोसस्थलैयार, कूवम आणि अड्यार या तीन नद्या ते पाणी पूर्वेकडे समुद्रात नेतात आणि बकिंगहॅम कालवा किनाऱ्याला समांतर उत्तर-दक्षिण धावतो. उघड्या नाल्यातील प्रवाहाचा वेग उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. उतार चतुर्थांश झाला तर वेग निम्म्यावर येतो. त्यातून नद्यांच्या मुखांशी वाळूचे बांध तयार होतात, कारण या किनाऱ्यावर लाटा वर्षभरात एकूण दक्षिणेकडून उत्तरेकडे वाळू वाहून नेतात. वेळच्चेरीची गोष्ट तर आणखी वेगळी. समुद्र तिथून सरळ रेषेत पाच-सहा किलोमीटरवर आहे, पण मधली जमीन उंच असल्याने पाणी तिकडे जात नाही. ते पल्लीकरणैच्या पाणथळीत उतरते, तिथून ओक्कियम मडुवू नावाच्या प्रवाहाने बकिंगहॅम कालव्यात जाते आणि दक्षिणेकडे वाहत जाऊन कोवळमजवळच्या खाडीतून समुद्राला मिळते.

अशा भूमीवर पूर्वजांनी जी व्यवस्था उभी केली तिचे नाव एरी. मातीचा अर्धचंद्राकार बांध घालून अडवलेले उथळ तळे, आणि त्याच्या सांडव्यावरून निघालेले पाणी पुढच्या तळ्यात, तिथून त्याच्या पुढच्या. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे विद्युतमंडलाच्या भाषेत चटकन समजेल. नाला हा रोध आहे आणि तळे हे धारित्र. पावसाचा जोर म्हणजे अचानक आलेला धारेचा झटका. धारित्रांची माळ असेल तर तो झटका पसरट होतो. एकूण पाणी तेवढेच राहते, पण एका क्षणी येणारे शिखर खुजे होते. धारित्रे काढून टाकली आणि केवळ रोध कमी करत गेलो, तर पाणी झपाट्याने वाहून जाईल खरे, पण ते अधिक उंच शिखर घेऊन खालच्या वस्तीवर आदळेल.

चेन्नईने विसाव्या शतकात नेमके हेच केले. आज साड्या आणि सोन्याच्या खरेदीसाठी प्रसिद्ध असलेले टी. नगर १९२० च्या दशकापासून ‘लाँग टँक’ नावाच्या विस्तीर्ण तलावाच्या जागेवर वसत गेले. पश्चिम मांबलममध्ये आजही ‘लेक व्ह्यू रोड’ आहे, तळे नाही. १९७६ मध्ये खुले झालेले वळ्ळुवर कोट्टम हे स्मारकही तळ्याच्याच जागेवर उभे आहे. पल्लीकरणैची पाणथळ एके काळी काही हजार हेक्टर होती. तिच्या अंगावर कचराभूमी आली, रस्ते आले, माहिती तंत्रज्ञानाची संकुले आली. सांगताना संकोच वाटतो, पण आम्हा वैज्ञानिकांच्या संस्थाही आल्या. समुद्राचा अभ्यास करणारी राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था याच परिसरात आहे. २०१५ च्या पुरावरील भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल २०१८ मध्ये विधानसभेत मांडला गेला तेव्हा त्यात या आपत्तीला मानवनिर्मित म्हटले होते. पाऊस कोणी निर्माण केला नव्हता. पाण्याच्या जागा कोणी घेतल्या, हा मुद्दा होता.

आणि मग आला २०१९ चा उन्हाळा. पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेंबरम्बाक्कम हे चारही जलाशय जवळपास कोरडे पडले आणि जुलैमध्ये जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाटी रात्री दोन वाजता टँकरच्या रांगेत घागरी मांडून ठेवत. चार वर्षांपूर्वी ज्या घरात पाणी मोरीतून वर आले होते, त्याच घरात नळाला थेंब नव्हता. धारित्रे नसलेल्या मंडलात असेच होते: झटका आला की सारे पाणी एकदम, आणि गेला की काहीच नाही. पूर आणि तहान हे या शहरात दोन निराळे प्रश्न नाहीत.

गेल्या दशकात शहराने हे ओळखले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रत्येक इमारतीला पर्जन्यजलसंचय सक्तीचा करणारा तमिळनाडूचा निर्णय तर २००३ चा, देशात अग्रेसर. २०२१ च्या पुरानंतर निवृत्त सनदी अधिकारी वी. तिरुप्पुगळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. कोसस्थलैयार खोऱ्यातील पर्जन्यजलवाहिन्यांसाठी आशियाई विकास बँकेने त्याच वर्षी २५.१ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. मोकळ्या जागांत ‘स्पंज पार्क’ खोदली जात आहेत, म्हणजे पाऊस साठवून जमिनीत मुरवणारी खोलगट उद्याने. पल्लीकरणैची सुमारे १,२४८ हेक्टर पाणथळ २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. आणि राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्र, मुंबईची आयआयटी व इतर संस्थांनी मिळून चेन्नईसाठी पूरसूचना यंत्रणा घडवली, जी २०१९ मध्ये सुरू झाली. आधीच गणना करून ठेवलेल्या अनेक पूरस्थितींच्या नकाशांतून हवामानाच्या अंदाजाशी जुळणारा नकाशा निवडणे, हा तिचा गाभा. पुढच्याच वर्षी मुंबईला तशी यंत्रणा मिळाली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पाहिल्यानंतर पंधरा वर्षांनी.

पीएच.डी. झाल्यावर मीही याच विषयाकडे वळले. आमच्या छोट्या गटाने दक्षिण चेन्नईच्या काही गल्ल्यांचे एक प्रारूप तयार केले. ते शासकीय यंत्रणेचा भाग नव्हते, केवळ संशोधनापुरते होते. त्यात नव्या वाहिन्या होत्या, मोऱ्या होत्या, रस्त्यांच्या उंच्या होत्या. २०२१ च्या पावसाशी ते बऱ्यापैकी जुळले आणि मला त्याचा अभिमान वाटू लागला.

३ डिसेंबर २०२३ च्या संध्याकाळी पाटींच्या सुनेचा फोन आला. मिचाँग चक्रीवादळ किनाऱ्याजवळ रेंगाळले होते. ती घरीच खानावळीचे डबे करते. इडलीचा मोठा ग्राइंडर, फ्रीज, धान्य सारे तळमजल्यावर. तिने विचारले, “अक्का, तुमचा संगणक काय म्हणतो? सामान वर न्यायचे का? माणसे बोलवावी लागतील.” मी प्रारूप चालवून पाहिले आणि सांगितले, की रस्त्यावर गुडघ्याच्या खाली पाणी राहील, जोत्यापर्यंत येणार नाही, २०१५ सारखे काही होणार नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि माणसे बोलावली नाहीत.

पहाटेपर्यंत घरात मांडीपर्यंत पाणी होते. पाटींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मुलगा आणि शेजारी अंधारातून जिन्याने वर घेऊन गेले. ग्राइंडर गेला, फ्रीज गेला, दोन महिन्यांची कमाई गेली. वाचले ते फक्त तांदळाचे पोते, कारण ते पाटींनी कोणालाही न विचारता आदल्या दुपारीच माळ्यावर चढवायला लावले होते.

पाणी ओसरल्यावर मी तिथे गेले. कोणी मला एक शब्द बोलले नाही; सुनेने कॉफीसुद्धा दिली. ती पिणे मला फार जड गेले. नंतर प्रयोगशाळेत बसून मी चूक शोधली. ती एक नव्हती, दोन होत्या. पहिली: आमच्या मोजणीनंतर त्या गल्लीवर डांबराचे नवे थर चढले होते. रस्ता वीतभर उंचावला, म्हणजे घर वीतभर खाली गेले. सगळ्या परिसराचा उतारच जिथे काही मीटरचा, तिथे वीत ही किरकोळ गोष्ट नाही. दुसरी चूक अधिक लाजिरवाणी होती. नव्या वाहिनीचे तोंड कालव्यात मोकळेपणी सुटते, असे मी गृहीत धरले होते. वादळाच्या वाऱ्याने समुद्र फुगला होता, त्यात भरती. खाडी पाणी घेईना, कालवा भरलेला, पाणथळ भरलेली. वाहिनीचे तोंड बुडाले आणि ती उलटी वाहू लागली. आठ वर्षांपूर्वी मी माझ्या न्हाणीघरात उभी राहून हेच पाहिले होते. डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट मी समीकरणाच्या सीमाअटीत लिहायला विसरले.

विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगते. अवकल समीकरण बहुधा बरोबर असते. उत्तर सीमाअटी ठरवतात. आणि सीमाअटी पुस्तकात मिळत नाहीत, त्या जागेवर जाऊन पाहाव्या लागतात. तिसरी गोष्ट याहून साधी आहे. मी तिला एक आकडा सांगितला, पण त्या आकड्यातील अनिश्चितता सांगितली नाही. “पाणी येण्याची शक्यता पाचात एक असली तरी ग्राइंडर वर न्या, कारण हमालीपेक्षा ग्राइंडर महाग आहे,” एवढे वाक्य पुरले असते. ते सुचायला संगणक लागत नाही. शोधनिबंधात त्रुटिपट्ट्या काढायला मी कधी विसरले नव्हते. माणसाशी बोलताना विसरले.

त्यानंतर काही विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही त्या भागातील घरे फिरलो. भिंतीवरचे ओलीचे डाग मोजले, कोणत्या बाजूने पाणी आले, किती वाजता आले, कधी उतरले हे म्हाताऱ्या माणसांना विचारले. उपग्रहाची उंचीमापने शहरात झाडे आणि गच्च्या यांनाच जमीन समजून मीटर-मीटरने चुकू शकतात. भिंतीवरचा डाग बोटभरही चुकत नाही. महानगरपालिका आता जुना थर खरवडून मगच नवे डांबर घालण्याचा नियम लावते. ते सर्वत्र पाळले जाते का, हे आम्ही आता मोजपट्टीने पाहतो. आमचे प्रारूप पूर्वीपेक्षा बरे झाले आहे. तरी मी त्याला आता अंतिम शब्द मानत नाही.

कारण पुढचा पाऊस मागच्यासारखा असेलच असे नाही. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की ती साधारण ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते आणि समुद्राची पातळीही वर सरकते आहे. म्हणजे वरून येणारे पाणी वाढणार आणि खालचे दार अधिक वेळ बंद राहणार. नुसत्या वाहिन्या रुंद करून हे गणित सुटत नाही. पाण्याला थांबायला जागा द्यावी लागते. आणि जागा द्यायची म्हटले की प्रश्न येतो, कोणाची? नद्यांच्या काठावरील झोपड्या हटवून हजारो कुटुंबांना पेरुम्बाक्कम, सेम्मंचेरीसारख्या वसाहतींत पाठवले गेले. पूर टळावा म्हणून. त्या वसाहती पल्लीकरणैच्याच सखल पट्ट्यात आहेत आणि तिथेही पाणी भरते. त्याच पट्ट्यातील काचेच्या इमारती मात्र जागच्या जागी राहिल्या. रामसर क्षेत्राभोवती बांधकामांना परवानगी द्यावी की नाही, याचा वाद हरित न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. त्यात आम्हा वैज्ञानिकांचे नकाशे पुरावा म्हणून मांडले जातील. नकाशावरची एक रेषा इकडेतिकडे झाली तर कोणाचे घर जाते आणि कोणाचे वाचते, हे आता मला माहीत आहे.

माझ्या आजोळी दोन शेतांमधून जाणाऱ्या पायवाटेवरून भावकीत वर्षानुवर्षे तंटा चालला होता. कागदावर वाट नव्हती. पण पिढ्यान्‌पिढ्या माणसे आणि बैल तिथून गेले होते, म्हणून शेवटी ती मान्य झाली. आपल्याकडे त्याला वहिवाट म्हणतात. वेळच्चेरीत पाण्याची वहिवाट आहे. सातबाऱ्यासारख्या कोणत्याही कागदावर ती नसेल. बँकेच्या कर्जाच्या कागदांत तर नसेलच. पण पाटींच्या हाताच्या इशाऱ्यात ती पहिल्याच आठवड्यात मला दाखवली गेली होती.

त्या घराच्या जिन्याशेजारी आता भिंतीवर दोन रेघा आहेत, एक २०१५ ची आणि एक २०२३ ची. मागच्या पोंगलला घर रंगवले तेव्हा रंगाऱ्याने त्यांवरून ब्रश फिरवायला घेतला. पाटींनी त्याला थांबवले. फ्रीज नवा आला आहे आणि तो विटांच्या चौथऱ्यावर उभा आहे, वरच्या रेघेपेक्षा चार बोटे उंच.

वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना एक विनंती. तुमचे शहर कोणतेही असो, मुंबई, पणजी, कोची, विशाखापट्टणम, यंदा पाणी भरले तर भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारा, तारीख आणि वेळ लिहा आणि गल्लीतल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारा, की पूर्वी पाणी कुठवर येई. ही नोंद जपून ठेवा. माझ्यासारख्या कोणाला तरी तिची गरज पडेल.